सुपरवायझरला माणसे सांभाळायला कसे शिकवावे : दहा तासांच्या प्रशिक्षणाची आखणी

सर्वांत कमी रिजेक्शन, म्हणजे तपासणीत नाकारला जाणारा माल, देणारा, कोणत्याही पाळीला न कुरकुरता येणारा आणि मशीनचे सेटिंग स्वतःच करून घेणारा ऑपरेटर एके दिवशी सुपरवायझर होतो. सोमवारी सकाळी त्याच्या हातात २२ माणसांची हजेरी येते, आणि ज्या कामात तो वाकबगार होता ते मशीन चालवण्याचे काम आता त्याने शक्यतो करायचे नसते. नव्या कामाबद्दल त्याला कोणी काही शिकवलेले नसते, म्हणून तो ज्याच्या हाताखाली वाढला त्या सुपरवायझरची नक्कल करू लागतो. तो आवाज चढवणारा असेल तर हाही आवाज चढवतो. तो सगळे स्वतःच्या अंगावर घेणारा असेल तर हाही रात्री आठपर्यंत लाइनवर उभा राहतो. चाकण, वाळूज, सातपूर किंवा गोकुळ शिरगाव येथील कोणत्याही मध्यम कारखान्यात हे चित्र अनोळखी नाही.

यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे वर्षातून एकदा हॉटेलातले दोन दिवसांचे प्रशिक्षण. खुर्च्या गोलाकार मांडल्या जातात, खेळ होतात, नेतृत्वाच्या सात-आठ गुणांच्या स्लाइड दाखवल्या जातात, जेवण उत्तम असते आणि शेवटी सर्वांचा एकत्र फोटो निघतो. वेल्डिंग असे शिकवावे असे मात्र कोणी म्हणणार नाही. वेल्डिंग शिकवताना आपण आधी करून दाखवतो, मग शिकणाऱ्याच्या हातात टॉर्च देतो, त्याचा जोड तपासतो, चूक दाखवतो आणि पुन्हा करायला लावतो. माणसांशी वागण्याचे कौशल्यही याच रीतीने शिकवता येते आणि माझ्या अनुभवात ते फक्त याच रीतीने येते. पुढील आखणी कारखान्यातील प्रशिक्षक, एचआर अधिकारी किंवा स्वतःच्या सुपरवायझरांना शिकवू इच्छिणारे प्लांट मॅनेजर यांच्यासाठी आहे. बँकेची शाखा, रुग्णालयाचा वॉर्ड किंवा सॉफ्टवेअर कंपनीतील टीम यांसाठी उदाहरणे बदलावी लागतील. क्रम बदलण्याचे कारण नाही.

या आखणीचा सांगाडा जुना आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील कारखाने एकाएकी वाढले, अनुभवी माणसे सैन्यात गेली, यंत्रे कधी न पाहिलेले स्त्री-पुरुष कामावर आले आणि त्यांच्यावर नेमायला तयार सुपरवायझर नव्हते. १९४० मध्ये सुरू झालेल्या ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ या सरकारी उपक्रमाने त्यासाठी तीन छोटे अभ्यासक्रम बेतले : काम कसे शिकवावे, कामाची पद्धत कशी सुधारावी आणि कामगारांशी संबंध कसे राखावेत. प्रत्येक अभ्यासक्रम दहा तासांचा, म्हणजे दोन-दोन तासांच्या पाच बैठकांचा, आणि गट सुमारे दहा जणांचा असे. १९४५ मध्ये उपक्रम थांबेपर्यंत १६ लाखांहून अधिक लोकांनी हे प्रशिक्षण पूर्ण केले होते. युद्धानंतर ते जपानमध्ये गेले आणि टोयोटासारख्या कंपन्यांनी ते आत्मसात केले. त्यातील तिसऱ्या अभ्यासक्रमाची हाडे मी कायम ठेवली आहेत आणि नंतरच्या काळात कळलेल्या काही गोष्टी त्यांवर चढवल्या आहेत.

पूर्वतयारी : आधी लाइनवर उभे राहावे

प्रशिक्षणाची तारीख ठरवण्यापूर्वी प्रशिक्षकाने किमान दोन वेळा पाळी बदलताना शॉप फ्लोअरवर उभे राहावे. पाहण्यासारख्या गोष्टी थोड्याच असतात. हँडओव्हरच्या वेळी आधी कोण बोलते? सुपरवायझरला कंत्राटी कामगारांची नावे ठाऊक आहेत की तो त्यांना ‘ए भैया’ म्हणून हाक मारतो? लाइन थांबली की तो पहिल्यांदा मशीनकडे पाहतो की माणसाकडे? कोणाला बोलायचे असल्यास बाजूला घेतो की जागेवरच, सगळ्यांदेखत सुनावतो?

त्यानंतर सहा-आठ कामगारांशी स्वतंत्रपणे बोलावे. “तुमचा सुपरवायझर कसा आहे?” असे विचारले तर “चांगला आहे की साहेब” यापलीकडे उत्तर येत नाही आणि ते येऊही नये, कारण विचारणारा माणूस उद्या ते कोणाला सांगेल याची कामगाराला खात्री नसते. त्याऐवजी “मागच्या महिन्यात कामाच्या बाबतीत तुम्हाला कधी अडकल्यासारखे झाले, आणि तेव्हा पुढे काय झाले?” असे विचारावे. प्रसंग विचारला की माणूस मोकळा होतो. असे दहा-बारा प्रसंग नावे, विभाग आणि ओळखीच्या खुणा बदलून लिहून ठेवावेत. हेच आपले पाठ्यपुस्तक असते आणि बाहेरून आणलेल्या कोणत्याही उदाहरणापेक्षा ते उपयोगी पडते.

येथे एक सावधगिरी बाळगावी. प्रत्येक भांडण सुपरवायझरच्या स्वभावातून निघत नाही. कामाची मांडणीच भांडण लावणारी असू शकते. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतील ए. के. राइस यांनी अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित मागांच्या खात्याचा अभ्यास केला. तेथे कामगारांची कामे इतक्या तुकड्यांत विभागलेली होती की ठरावीक मागांची जबाबदारी नेमकी कोणाची हेच ठरत नव्हते. माणसे तीच राहिली, पण लहान गट करून प्रत्येक गटाकडे ठरावीक माग सोपवल्यावर उत्पादन वाढले आणि खराब कापडाचे प्रमाण घटले. तुमच्या निरीक्षणात तीन मशीनमागे एकच गेज, म्हणजे माप तपासण्याचे साधन, आहे आणि त्यावरून रोज तंटा होतो असे आढळले, तर संवादकौशल्याचा वर्ग भरवू नये, आणखी दोन गेज मागवावेत. प्रशिक्षणाच्या नावाखाली खरेदी विभागाचा प्रश्न झाकला गेला की सुपरवायझर तुमच्यावरचा विश्वास पहिल्याच दिवशी गमावतो आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

पूर्वतयारीतील शेवटचे काम सर्वांत अवघड आहे. सुपरवायझरचा जो वरिष्ठ असेल, म्हणजे उत्पादन व्यवस्थापक किंवा प्लांट हेड, त्याच्याकडून तीन गोष्टी कबूल करून घ्याव्यात. पाचही बैठकांच्या वेळी सुपरवायझरला लाइनवरून खरोखर मोकळे केले जाईल आणि बैठकीत त्याचा फोन वाजणार नाही. प्रत्येक बैठकीनंतरच्या आठवड्यात वरिष्ठ त्याला “या वेळी काय करून पाहिले?” असे एकदा तरी विचारेल. आणि बैठकीत सांगितलेल्या प्रसंगांची चौकशी वरिष्ठ बाहेर करणार नाही. या तीन गोष्टींना नकार मिळाला तर प्रशिक्षण पुढे ढकलावे असे माझे स्पष्ट मत आहे. जो वरिष्ठ सकाळच्या मीटिंगमध्ये सुपरवायझरला दहा जणांसमोर झापतो, त्याच्या हाताखाली सुपरवायझरने कामगाराला बाजूला घेऊन शांतपणे बोलावे ही अपेक्षा कोरडीच राहते.

गट आणि वेळापत्रक

गटात आठ ते दहा जण असावेत. वरिष्ठ आणि त्याच्या हाताखालचा माणूस एकाच गटात बसवू नयेत. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला सकाळी बसवू नये. तो झोपेल आणि तसे होणे स्वाभाविक आहे. पाच बैठका सलग पाच दिवस घेण्याचाही प्रघात आहे, परंतु मी आठवड्याला एक अशा पाच आठवड्यांत घेतो, कारण खरे शिकणे दोन बैठकींच्या मधल्या आठवड्यात, लाइनवर होते. बैठक कारखान्यातच, शक्यतो प्रशिक्षण कक्षात किंवा कँटीनच्या रिकाम्या वेळेत घ्यावी. स्लाइड लागत नाहीत. एक फळा, खडू आणि प्रत्येकाच्या खिशात मावेल असे एक कार्ड पुरेसे आहे.

पहिली बैठक : ऐकणे

सुरुवात फीडबॅकने, म्हणजे माणसाला त्याचे काम कसे झाले ते सांगण्याने, करण्याचा मोह टाळावा. ज्याला ऐकता येत नाही त्याच्या हाती फीडबॅकचे तंत्र दिले, तर तो अधिक नीटनेटक्या शब्दांत झापायला शिकतो.

शिकागोजवळील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून झालेल्या प्रयोगांबद्दल व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांनी वाचलेले असते, पण त्यातील मुलाखतींचा भाग सहसा मागे पडतो. १९२८ पासून तेथे वीस हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती झाल्या. प्रारंभी मुलाखतकार ठरलेले प्रश्न विचारत असत. कामगार मात्र विषय सोडून आपल्याला महत्त्वाच्या वाटणाऱ्या गोष्टींकडे वळत, तेव्हा प्रश्नावली बाजूला ठेवून त्यांना हवे ते बोलू द्यावे असे ठरले आणि मुलाखती लांबत गेल्या. तक्रारीचे पहिले वाक्य आणि तिचे मूळ यांत बरेच अंतर असते, हा त्यातून मिळालेला धडा सुपरवायझरच्या रोजच्या उपयोगाचा आहे. “फॅन चालत नाही” असे म्हणणाऱ्या माणसाला कधी फॅनच हवा असतो, आणि कधी नव्या माणसाला चांगली जागा देऊन आपल्याला कोपऱ्यात टाकले हे त्याला सांगायचे असते.

सरावासाठी तिघांचे गट करावेत. एकजण कामातली खरीखुरी, पण फार खासगी नसलेली अडचण सांगतो, दुसरा ऐकतो, तिसरा घड्याळ पाहतो आणि टिपतो. ऐकणाऱ्यावर पाच मिनिटांसाठी तीन बंधने असतात : उपाय सुचवायचा नाही, स्वतःचा अनुभव सांगायचा नाही आणि ‘का’ हा शब्द वापरायचा नाही. “का केलेस?” या प्रश्नाला कारखान्यात जाब विचारल्याचा वास असतो, “तेव्हा काय झाले होते?” असे विचारले की हकिगत येते. पाच मिनिटांनंतर ऐकणाऱ्याने ऐकलेले आपल्या शब्दांत परत सांगायचे आणि सांगणाऱ्याने “बरोबर” किंवा “तसे नव्हते” एवढेच म्हणायचे. पहिल्या फेरीत जवळजवळ प्रत्येकजण दुसऱ्याच मिनिटाला उपाय सुचवतो. त्यावर वर्गात हशा होतो आणि तो होऊ द्यावा, कारण आपल्याला ऐकता येते हा प्रत्येकाचा समज त्या हशात हलका होऊन जातो.

आठवड्याचे काम एकच : आपल्या माणसांपैकी ज्याच्याशी सर्वांत कमी बोलणे होते, त्याच्याशी टार्गेट सोडून दहा मिनिटे बोलायचे आणि त्याच्याविषयी आधी ठाऊक नसलेल्या दोन गोष्टी कळल्या की नाही ते पुढच्या बैठकीत सांगायचे. त्या गोष्टी कोणत्या हे सांगायचे नाही.

दुसरी बैठक : चार पायऱ्या

खिशातील कार्डावर चार ओळी असतात : वस्तुस्थिती गोळा करा; तोलून ठरवा; कृती करा; परिणाम तपासा. या चार ओळी दिसायला इतक्या सोप्या आहेत की अनुभवी सुपरवायझर त्या वाचून खांदे उडवतो. म्हणून त्या समजावून सांगण्याऐवजी एका प्रसंगावर चालवून दाखवाव्यात.

समजा, ११ वर्षे नोकरी झालेला एक कुशल ऑपरेटर अलीकडे उशिरा येतो. त्याने ओव्हरटाइमला दोनदा नकार दिला आहे आणि एका सोमवारी न सांगता खाडा केला आहे. सुपरवायझर २७ वर्षांचा, डिप्लोमा झालेला आहे. तो म्हणतो, “याला माज आलाय. मला सुपरवायझर केलेले याला खपलेले नाही. मेमो देऊन टाकतो.” फळ्यावर दोन रकाने करावेत, डावीकडे ‘काय घडले’ आणि उजवीकडे ‘मला काय वाटते’, आणि गटाला विचारत वाक्ये भरावीत. ‘माज आलाय’ उजवीकडे जाते. ‘कामात लक्ष नाही’ हेही उजवीकडेच. ‘मागच्या तीन आठवड्यांत चार वेळा, प्रत्येकी १५ ते २५ मिनिटे उशीर’ हे डावीकडे, पण ते हजेरीच्या नोंदींतून तपासल्यावरच. बहुतेक वेळा पहिल्या दहा मिनिटांत उजवा रकाना भरून वाहतो आणि डावीकडे दोन ओळी असतात. हे दृश्य शिकणाऱ्यांनी स्वतः पाहणे हाच या बैठकीचा निम्मा हेतू असतो.

मग डावा रकाना पूर्ण कसा करायचा हे विचारावे. आधीच्या दहा वर्षांची हजेरी कशी होती? उशीर कोणत्या वारी आणि कोणत्या पाळीला होतो? कंपनीच्या बसचा मार्ग मधल्या काळात बदलला का? अशाच प्रसंगात दुसऱ्यांना कोणता नियम लावला होता? आणि त्या माणसाशी स्वतः बोलून त्याचे म्हणणे काय आहे? उदाहरण पुढे न्यायचे तर, बोलल्यावर कळते की पत्नीची नोकरी नव्याने सुरू झाली आहे, मुलीला शाळेत सोडण्याची जबाबदारी आता त्याच्यावर आहे, आणि नवा सुपरवायझर वयाने लहान असल्यामुळे त्याला घरची अडचण सांगणे त्याला कमीपणाचे वाटले. सोमवारच्या खाड्याला मात्र त्याच्याकडे पटण्यासारखे कारण नाही. शिकवण्याच्या उदाहरणात अशी एखादी न सुटणारी बाजू मुद्दाम ठेवावी. नाहीतर प्रत्येक चुकीमागे काही करुण कथा असतेच असा समज होतो आणि सुपरवायझर पुढे शिस्तीचा निर्णय घ्यायला कचरतो.

दुसऱ्या पायरीत पर्याय मांडायचे : पहिल्या पाळीऐवजी जनरल शिफ्ट, दुसऱ्या ऑपरेटरबरोबर अदलाबदल, खाड्याबद्दल तोंडी समज, मेमो, किंवा काहीच न करणे. प्रत्येक पर्यायाचा त्या माणसावर, बाकीच्या २१ जणांवर आणि उत्पादनावर काय परिणाम होईल ते विचारायचे. एकाला पाळी बदलून दिली तर उद्या पाचजण मागतील, हा आक्षेप गटातून हमखास येतो आणि तो खरा असतो. त्याला उत्तर प्रशिक्षकाने देऊ नये, गटाला शोधू द्यावे. तिसऱ्या पायरीत हे मी स्वतः करायचे की वरिष्ठांना सांगायचे, केव्हा आणि कोठे, हे ठरवायचे. चौथी पायरी सर्वांत जास्त वेळा गळते. पाळी बदलली की विषय संपला असे वाटते, प्रत्यक्षात दोन आठवड्यांनी हजेरी पाहणे आणि त्याला “आता जमते आहे का?” असे विचारणे बाकी असते.

या बैठकीपासून प्रत्येकाने आपला स्वतःचा, सध्या चालू असलेला एक प्रसंग आणायचा असतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या बैठकीत दोन-दोन, चौथ्या आणि पाचव्या बैठकीत तीन-तीन असे दहा प्रसंग बसतात. मांडणाऱ्याला सल्ले देण्याची घाई गटाला होते, तेव्हा “अजून डावा रकाना भरला का?” एवढाच प्रश्न प्रशिक्षकाने पुन्हा पुन्हा विचारावा.

तिसरी बैठक : चूक सांगणे आणि चांगले सांगणे

फीडबॅक दिला की काम सुधारते असे आपण गृहीत धरतो. १९९६ मध्ये क्लुगर आणि डेनिसी या संशोधकांनी तोवरच्या अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. फीडबॅकमुळे सरासरीने काम सुधारते हे खरे ठरले, पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा ते बिघडले होते. लक्ष कामावरून उडून ‘मी कसा आहे’ याकडे वळले की फीडबॅकचा गुण कमी होतो, असे त्यांचे म्हणणे होते. मराठीत हा फरक एका शब्दावर उभा असतो. “तू निष्काळजी आहेस” हे माणसाविषयी आहे. “सकाळच्या लॉटमध्ये पहिला पीस तपासून सही केलेली नव्हती, त्यामुळे ४० पीस पुन्हा मोजावे लागले” हे कामाविषयी आहे.

वाक्याची रचना तीन भागांत शिकवावी : केव्हा आणि कोठे, तुम्ही काय केले, त्याचा परिणाम काय झाला. त्यानंतर थांबायचे आणि समोरच्याला बोलू द्यायचे. हे थांबणे सरावाने येते. शिकणारे परिणाम सांगतात आणि लगेच पुढे “तर आता यापुढे असे करा...” असे सुरू करतात. सरावाच्या वेळी तिसऱ्या माणसाने मनात पाचपर्यंत मोजावे आणि त्याआधी तोंड उघडले तर बोट वर करावे.

आपल्याकडील दोन गोष्टींना वेगळा वेळ द्यावा लागतो. पहिली ‘पण’ची. “काम छान करतोस, पण...” असे वाक्य आले की पहिला अर्धा भाग ऐकणाऱ्याच्या लेखी पुसला जातो आणि पुढच्या वेळी खरे कौतुकही त्याला प्रस्तावना वाटते. कौतुक आणि चूक वेगवेगळ्या वेळी सांगावीत. कौतुकालाही तीच तीन भागांची रचना लागू होते, “शाबास, मस्त!” यापेक्षा “काल रात्रपाळीत कूलंट (मशीन थंड ठेवणारे द्रव) संपत आल्याचे तुम्ही आधीच सांगितले, त्यामुळे सकाळी मशीन थांबले नाही” हे वाक्य माणूस घरी जाऊन सांगतो.

दुसरी गोष्ट संबोधनाची. २७ वर्षांच्या सुपरवायझरच्या हाताखाली पन्नाशीचे कामगार असतात. त्यांना तो एरवी ‘मामा’ किंवा ‘काका’ म्हणतो आणि चूक सांगण्याची वेळ आली की एकतर त्याला सांगताच येत नाही किंवा रागाच्या भरात तो एकदम अरे-तुरेवर येतो. ज्या नात्याने रोज हाक मारतो त्याच नात्याने चूकही सांगता आली पाहिजे, हे रोल प्लेमध्ये मोठ्याने म्हणून घ्यावे लागते : “मामा, दोन मिनिटं इकडं येता का? सकाळच्या लॉटबद्दल बोलायचं होतं.” बिहार, उत्तर प्रदेश किंवा ओडिशातून आलेल्या कामगारांशी मोडक्या हिंदीत बोलताना अनेक मराठी सुपरवायझरांचे ‘आप’ सहज ‘तू’ होते, कारण त्यांना त्या भाषेतील पायऱ्या सरावाच्या नसतात. हा अपमान कोणाच्या लक्षात येत नाही, फक्त ज्याचा होतो त्याच्या येतो. म्हणून एक फेरी हिंदीतूनही घ्यावी.

वार्षिक अप्रेझलच्या दिवशी पहिल्यांदा चूक सांगण्याची सवयही येथेच मोडावी. पगारवाढीचा आकडा ऐकण्याच्या दिवशी माणूस दुसरे काही ऐकत नाही. आपल्या देशात हा विचार नवा नाही. उदय पारीक आणि टी. व्ही. राव या व्यवस्थापनाच्या प्राध्यापकांनी १९७० च्या दशकाच्या मध्यास लार्सन अँड टुब्रोसाठी जी मनुष्यबळ विकासाची रचना सुचवली, तिच्यात मूल्यमापनाबरोबर फीडबॅक आणि समुपदेशनाला स्वतःचे स्थान होते.

चौथी बैठक : वाईट बातमीचे पहिले दहा सेकंद

हार्वर्डमधील संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतील औषध देण्याच्या चुकांचा अभ्यास केला, तेव्हा ज्या वॉर्डांतील वातावरण चांगले होते तेथेच चुकांची नोंद जास्त दिसली. याचा उलगडा असा होता की तेथे चुका अधिक होत नव्हत्या, त्या उघडपणे बोलल्या जात होत्या. कारखान्यातील सुपरवायझरला हे चटकन पटते, कारण लपवून ठेवलेला खराब पीस ग्राहकाच्या असेंब्लीपर्यंत पोहोचल्यावर काय होते ते त्याने भोगलेले असते.

सराव अगदी छोटा आहे. एकजण येऊन सांगतो, “साहेब, टूल तुटलं,” किंवा “चुकून दुसऱ्या ड्रॉइंगनं शंभर पीस काढले.” समोरच्याने फक्त पहिले वाक्य म्हणायचे. दहाही जणांकडून ते म्हणून घ्यावे आणि फळ्यावर लिहावे. “कुणी केलं?”, “झोपला होतास का?”, “आता वर काय सांगू मी?” अशी वाक्ये जमतात. मग दुसरी फेरी : कोणाला लागले तर नाही ना हे आधी, मग “लगेच सांगितलेत ते बरं झालं”, मग “आत्ता तो माल कुठे आहे?” जबाबदारी ठरवणे पुढे येतेच, पहिल्या दहा सेकंदांत ती ठरवायला गेलो की पुढची बातमी आपल्यापर्यंत येत नाही. ही फेरी तीनदा करून घ्यावी, कारण संतापाच्या क्षणी विचार करून बोलणे होत नाही, तोंडात बसलेले वाक्यच बाहेर पडते.

याच बैठकीत मर्यादा सांगाव्यात. समजूत घालून मिटवण्याचे कौशल्य नुकतेच शिकलेला सुपरवायझर सगळेच मिटवायला निघतो. लैंगिक छळाची तक्रार त्याच्या कानावर आली, तर दोघांना समोरासमोर बसवून ‘गैरसमज दूर’ करण्याचा त्याला अधिकार नाही. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. तक्रार सामान्यतः घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची असते, आणि तडजोड व्हायचीच असेल तर ती तक्रारदार स्त्रीच्या विनंतीवरून समितीमार्फतच होते, तीही पैशांच्या आधारावर नाही. सुपरवायझरचे काम तिला समितीची माहिती देणे, लेखी तक्रार करायला मदत मिळेल हे पाहणे आणि तोंड बंद ठेवणे एवढेच आहे. अपघात, मारामारी, जातीवरून अपमान आणि कोणी जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा करत असेल तर ती बाब, यांतही स्वतः तोडगा न काढता लगेच योग्य ठिकाणी पोहोचवायचे असते. कोणाला फोन करायचा त्यांची नावे व क्रमांक कार्डाच्या मागे छापून द्यावेत.

पाचवी बैठक

उरलेले तीन प्रसंग घ्यावेत. नवीन काही शिकवू नये. ट्रेनिंग विदिन इंडस्ट्रीच्या कार्डावर संबंध बिघडू नयेत म्हणून चार गोष्टी दिलेल्या असत : काम कसे चालले आहे ते प्रत्येकाला कळू द्यावे, श्रेय ज्याचे त्याला द्यावे, ज्या बदलाचा परिणाम माणसावर होणार तो आधी सांगावा आणि प्रत्येकाच्या क्षमतेचा पुरेपूर उपयोग करावा. तोवर मांडल्या गेलेल्या दहा प्रसंगांपैकी किती या चारांपैकी एखादी गोष्ट वेळेवर केली असती तर घडलेच नसते, ते गटाने स्वतः मोजावे. बदल आधी न सांगण्याचा आकडा बहुधा सर्वांत मोठा निघतो. पाळीचा तक्ता शनिवारी संध्याकाळी लावणे, गणपतीच्या सुट्टीची अदलाबदल परस्पर करणे, पेरणीच्या दिवसांत गावी जाणाऱ्यांची रजा शेवटच्या क्षणी नाकारणे, ही त्याची नेहमीची रूपे आहेत.

नंतरचे तीन महिने

शेवटच्या बैठकीत भरून घेतलेल्या फॉर्मवर ‘प्रशिक्षण उत्तम होते’ असे लिहून येते. त्यावरून काही ठरवू नये. अमेरिकेतील अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण मोजण्याच्या चार पातळ्या मांडल्या होत्या : शिकणाऱ्याला ते कसे वाटले, तो काय शिकला, त्याच्या वागण्यात काय बदलले आणि कामावर काय परिणाम झाला. बहुतेक कारखाने पहिल्या पातळीवर थांबतात आणि वरिष्ठ मात्र एकदम चौथीची मागणी करतात. गैरहजेरी कमी झाली का हा त्यांचा आवडता प्रश्न असतो. पण गैरहजेरी लग्नसराईने वाढते आणि बोनसच्या महिन्यात कमी होते, त्यामुळे तीन महिन्यांच्या आकड्यावरून श्रेय घेणे किंवा दोष मानणे दोन्ही चूक आहे. तिसरी पातळी मात्र पाहता येते. प्रशिक्षकाने पुन्हा पाळी बदलताना उभे राहावे आणि पहिल्या वेळी टिपलेल्या गोष्टीच पुन्हा टिपाव्यात. त्याच सहा-आठ कामगारांना तोच प्रश्न विचारावा.

महिन्यातून एकदा त्याच गटाची एका तासाची बैठक घ्यावी. त्यात प्रत्येकजण एक प्रसंग, दोन रकान्यांसह, कागदावर लिहून आणेल. जो तीनही महिने कोरा हात घेऊन येतो त्याच्याशी प्रशिक्षकाने एकट्याने बोलावे. कधी कळते की त्याच्या वरिष्ठाने दिलेला शब्द पाळलेला नाही. मग बोलायचे ते वरिष्ठाशी. कधी कळते की त्याला लिहायला संकोच वाटतो, तर तोंडी ऐकून घ्यावे. आणि कधी तो माणूस सरळ सांगतो की मला मशीनच बरे वाटते, माणसे नकोत. अशा वेळी त्याला आणखी एक कोर्स सुचवू नये. पगार व मान कमी न करता त्याला सेटर (मशीनचे सेटिंग करून देणारा) किंवा टूल रूममधील तज्ज्ञ म्हणून परत जाण्याची वाट आहे का, हे एचआरला विचारावे, आणि नसेल तर पुढच्या सुपरवायझरची निवड करण्यापूर्वी ती तयार करून घ्यावी.